टिन ऑक्साइडचा इलेक्ट्रोड: दोष भट्टीचा नाही, भट्टीआधीचा आहे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोसरीत तुमचं छोटं वर्कशॉप आहे. शिशाची काच वितळवणाऱ्या एका लहान टाकीसाठी तुम्हाला सिरॅमिकचा इलेक्ट्रोड हवा आहे. तो १२०० अंश सेल्सिअसला उघड्या हवेत टिकला पाहिजे आणि त्यातून वीज गेली पाहिजे. म्हणून तुम्ही ९९.९ टक्के शुद्ध टिन ऑक्साइड आणलंत, २० टनी प्रेसवर ५० मिलिमीटरच्या चकत्या दाबल्यात आणि १४५० अंशांना ६ तास ठेवल्यात. निघाल्या त्या खडूसारख्या. नखानं कोरल्या जातात, माप जवळपास होतं तेवढंच, वजन मात्र घटलं, आणि मल्टिमीटर मेगाओहम दाखवतो. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून यट्रियावाली झिर्कोनिया, म्हणजे यट्रियमचं ऑक्साइड मिसळलेलं झिर्कोनियमचं ऑक्साइड, आणलीत. ती दगडासारखी घट्ट झाली, पण वीज तिच्यातूनही जाईना. आता १६०० अंशांची नवी भट्टी घ्यावी का, असं विचारताय.

घेऊ नका. निदान ह्या कामासाठी तरी नको. तुमच्या भट्टीनं तिचं काम चोख केलं आहे. जे काही चुकलं, ते वजनकाट्यावर चुकलं.

ऑक्साइडच्या पावडरीतून वीजवाहक सिरॅमिक करताना दोन वेगळी कामं साधायची असतात. पावडर घट्ट झाली पाहिजे, हे एक. आणि तिच्यात वीज वाहून नेणारं काहीतरी मोकळं फिरत असलं पाहिजे, हे दुसरं. पहिलं साधलं की दुसरं आपोआप होतं, असं बहुतेकांना वाटतं. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी तसंच वाटायचं. तुमच्या दोन प्रयोगांत टिन ऑक्साइडमध्ये दोन्ही कामं झाली नाहीत. झिर्कोनियात पहिलं झालं आणि दुसरंही झालं होतं, फक्त ते थंडपणी दिसत नाही. झिर्कोनियाकडे नंतर येते.

आधी टिन ऑक्साइड. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. मीठ चिकटून खडा होतो, चमचा जात नाही, पण बरणीतली पातळी खाली गेलेली नसते. कण एकमेकांना जिथे टेकतात तिथे मान तयार होते, मात्र कण जवळ येत नाहीत. तुमच्या चकतीत नेमकं हेच झालं. भट्टीत कणांचा पदार्थ दोन प्रकारे हलू शकतो. तो कणाच्या आतून किंवा दोन कणांच्या सीमेवरून सरकला, तर कणांचे मध्य जवळ येतात, मधल्या पोकळ्या बुजतात आणि तुकडा आक्रसतो. पण तो पृष्ठभागावरून किंवा वाफ होऊन गेला, तर नुसत्या माना जाड होतात, पोकळ्या तशाच राहतात. शुद्ध टिन ऑक्साइड दुसऱ्या जातीचं आहे. १२०० अंशांच्या पुढे ते ऑक्सिजन सोडून टिन मोनॉक्साइडच्या रूपात उडायला लागतं, थोडं शेजारच्या कणावर बसतं आणि थोडं चिमणीतून निघून जातं. म्हणून माप तेच, वजन कमी. १६०० ला नेलंत तर आणखी उडेल आणि चकती तशीच खडूची राहील. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यानं हाच तर्क लढवून महागडी भट्टी घेतली होती. पुढे तिचा उपयोग दुसऱ्याच मालाला झाला, म्हणून नुकसान थोडं भरून निघालं.

ह्यावर उपाय चिमूटभर कॉपर ऑक्साइडचा. टिन ऑक्साइडच्या इलेक्ट्रोडसाठी हा जुना आणि पक्का मार्ग आहे. काही जण झिंक ऑक्साइड किंवा मँगनीज ऑक्साइडही घालतात. हजार अंशांच्या थोडं पुढे गेल्यावर तांब्याचं ऑक्साइड कणांच्या सीमांवर द्रवाचा पातळ थर करतं. ओली वाळू मुठीत दाबली की ती कशी आवळून बसते, तसं हा द्रव कणांना एकमेकांकडे ओढतो आणि पदार्थाला सीमेवरून सरकायला वाटही देतो. अर्धा टक्का पुरतं. जास्त घातलं तर लवकर घट्ट होईल, पण कण भरमसाट वाढतील, तुकडा ठिसूळ होईल आणि खालच्या पाटाला चिकटून बसेल.

झालं घट्ट. पण वीज अजून वाहणार नाही. शुद्ध टिन ऑक्साइडमध्ये, दोषांमुळे जे काही थोडे असतील तेवढे सोडले, तर मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत. ते बाहेरून आणावे लागतात, आणि आणायची युक्ती मोठी सुरेख आहे. हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत फेरवे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास ती नीट मांडली. निकेल ऑक्साइड हिरवं असतं आणि शुद्ध असेल तर पक्कं विद्युतरोधक. त्यात थोडं लिथियम ऑक्साइड घालून हवेत भाजलं की ते काळं होतं आणि वीज वाहू लागतं. लिथियमची संयुजा १, निकेलची २. लिथियम निकेलच्या जागी बसला की हिशेब जुळवण्यासाठी शेजारच्या एखाद्या निकेलला ३ व्हावं लागतं, आणि ती जास्तीची रिकामी जागा एका निकेलवरून दुसऱ्यावर उड्या मारत फिरते. संयुजेचा हिशेब मुद्दाम बिघडवायचा, एवढीच ही युक्ती.

टिन ऑक्साइडमध्ये हाच हिशेब उलट्या बाजूनं बिघडवायचा. टिनची संयुजा ४. तिच्या जागी ५ संयुजेचा अँटिमनी बसला की एक इलेक्ट्रॉन उरतो, आणि तो स्फटिकाच्या जाळीत मोकळा हिंडतो. साधारण १ टक्का अँटिमनी ऑक्साइड घालतात. तुमचा तुकडा पांढरट राहिला तर अँटिमनी आत बसलं नाही असं समजा. बसलं असेल तर रंग निळसर करडा होतो. मीटर लावण्याआधी रंग पाहायची सवय लावून घ्या. आमच्याकडचे एक जुने कामगार भट्टीचं दार उघडल्या उघडल्या नुसत्या रंगावरून सांगायचे, हा लॉट पास.

इथे गंमत, किंवा खरं म्हणजे डोकेदुखी, सुरू होते. ही दोन औषधं एकमेकांच्या आड येतात. अँटिमनी घट्टपणाला अडथळा करतं. नुसतं अँटिमनी घातलेलं टिन ऑक्साइड शुद्धाइतकंच, कधी त्याहूनही हट्टीपणे, खडूसारखं राहतं. आणि तांबं जाळीत शिरलं तर उलट काम करतं. त्याची संयुजा टिनपेक्षा कमी, म्हणून अँटिमनीनं आणलेले इलेक्ट्रॉन ते गिळतं. तेव्हा तांबं सीमांवर राहावं, अँटिमनी आत जावं, आणि दोन्ही बेताचंच असावं. ज्यांचे तुकडे घट्ट होतात पण वाहत नाहीत, त्यांनी बहुधा तांब्यात हात सैल सोडलेला असतो. ३ टक्के अँटिमनी घातलं की तिप्पट वीज वाहेल, हाही भ्रमच. जास्तीचं अँटिमनी सीमांवर साचतं किंवा उडून जातं.

एक किलोचा लॉट असा धरा: ९८५ ग्रॅम टिन ऑक्साइड, १० ग्रॅम अँटिमनी ट्रायऑक्साइड, ५ ग्रॅम कॉपर ऑक्साइड. किलोभर पावडरीत ५ ग्रॅम काळी पूड सगळीकडे सारखी पसरवणं हे डाळीच्या मोठ्या टोपात चिमूटभर हिंग पसरवण्यासारखं काम आहे. एका जागी गोळा राहिला तर तिथे खड्डा पडतो. म्हणून मी तांबं कॉपर नायट्रेटच्या रूपात घालते. ते पाण्यात विरघळतं, प्रत्येक कणाला लागतं आणि भाजताना ऑक्साइड होतं. ५ ग्रॅम ऑक्साइडसाठी तीन रेणू पाणी असलेलं नायट्रेट सुमारे १५.२ ग्रॅम लागतं. मात्र ते तापताना लालसर तपकिरी धूर सोडतं. तो नायट्रोजन डायऑक्साइड, विषारी. आणि अँटिमनी ट्रायऑक्साइड कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत आहे. मास्क, हातमोजे आणि भट्टीवर बाहेर जाणारा धुराडा एवढं नसेल तर ह्या वाटेला जाऊ नका. तुमची काच शिशाची आहे, म्हणजे धुराडा तसाही हवाच.

बॉल मिलमध्ये झिर्कोनियाच्या गोळ्या वापरा. स्टीलच्या गोळ्या लोखंड सोडतात. अल्युमिनाच्या चालतील, पण त्याही झिजतात. पाणी डिस्टिल्ड घ्या. भोसरीतलं बोअरचं पाणी तुम्हाला माहीतच आहे, किटलीच्या बुडाशी पांढरा थर दिसतो ना, तो सगळा तुमच्या सिरॅमिकमध्ये जाईल. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी सुरुवातीच्या प्रयोगांना चालतं. १२ तास फिरवा, वाळवा, चाळा. मग दीड टक्का पीव्हीए, म्हणजे कण धरून ठेवणारा चिकट बाईंडर, पाण्यात विरघळवून मिसळा, परत वाळवा आणि परत चाळा. पावडर बोटांतून रव्यासारखी सुटी पडली पाहिजे. मैद्यासारखी असेल तर डायमध्ये नीट भरत नाही आणि दाब सोडल्यावर चकतीचे पापुद्रे सुटतात.

दाबाबद्दल तुमचं बरोबर आहे. ५० मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, त्यावर २० टन म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ टन. पुरे. फक्त चकती फार जाड करू नका. एकाच बाजूनं दाबलं की डायच्या भिंतीशी घर्षण होऊन लांबचं टोक सैल राहतं, मग भाजल्यावर ते जास्त आक्रसतं आणि तुकडा वाकडा होतो. खरा लांब इलेक्ट्रोड करायचा झाला तर रबराच्या साच्यात सगळीकडून दाब देणारा आयसोस्टॅटिक प्रेस लागेल. तो आत्ताच विकत घेऊ नका. आधी चकती जमू द्या, मग बाहेरून दाबून आणा.

आक्रसणं किती होईल ते आधीच काढून ठेवा. कच्च्या चकतीची घनता सैद्धांतिक घनतेच्या ५५ टक्के असेल आणि ती ९५ टक्क्यांपर्यंत न्यायची असेल, तर लांबी ५५ भागिले ९५ च्या घनमुळाच्या पटीत कमी होते, म्हणजे ०.८३. तुमची ५० ची चकती ४२ च्या जरा आतच यायला हवी. ४९ ची आली तर बाकी काही तपासू नका, ती झालेलीच नाही.

आता भाजणी. इथे सगळे घाई करतात. ६०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश, त्याहून वेगानं नाही, आणि भट्टीचं वरचं भोक उघडं. ह्या टप्प्यात दोन गोष्टी होतात. पीव्हीए जळून जातं. आणि तीन संयुजेचं अँटिमनी हवेतला ऑक्सिजन घेऊन वरच्या ऑक्साइडमध्ये जातं, जे सहजी उडत नाही. हवा कोंडली तर दोन्ही बिघडतं. बाईंडरचा कोळसा मागे राहून टिन ऑक्साइडचा ऑक्सिजन ओढून घेतो. मी एकदा चकत्यांच्या खाली चमकदार मण्यांची रांग बघितली आहे. ते शुद्ध टिन होतं. टिन २३२ अंशांना वितळतं, तेव्हा पुढच्या हजार अंशांत ते काय करेल ह्याची कल्पना करा. ह्याच कारणासाठी हा इलेक्ट्रोड कधीही धूरकट, ऑक्सिजन कमी असलेल्या ज्वालेत वापरायचा नाही.

६०० ला एक तास थांबा, मग मिनिटाला ३ अंशांनी १४०० पर्यंत जा आणि तिथे ४ तास. तुमच्या १४५० ची गरज नाही. खाली उतरतानाही ६०० पर्यंत मिनिटाला ३ अंश, नंतर भट्टी बंद करून आपोआप गार होऊ द्या, दार उघडू नका. चकत्यांखाली अल्युमिनाच्या पाटावर त्याच मिश्रणाच्या भाजलेल्या पुडीचा पातळ थर पसरा, म्हणजे चिकटणार नाहीत. वर उलटं क्रुसिबल झाकण म्हणून ठेवलं तर अँटिमनी कमी उडतं, पण ते ६०० च्या थांब्यानंतर ठेवणं शक्य नसतं. म्हणून पाटाच्या कडेनं फट राहील असंच झाका. हा सगळा कार्यक्रम चोवीस तासांच्या घरात जातो. एमआयडीसीत गुरुवार कसा जातो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बुधवारी भट्टी लावून गुरुवारी सकाळी सोक, म्हणजे १४०० चा थांबा, चालू असताना वीज गेल्याचा अनुभव मी पदरमोड करून घेतलेला आहे. शुक्रवारी सकाळी लावा.

तुमचे १४५० अंश खरंच १४५० होते का, हाही प्रश्न आहे. तुम्ही लिहिलंय की भट्टीला के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आहे. मग ते आकडे विसरा. के टाइप १२०० च्या पुढे भरवशाचा राहत नाही आणि वापरून वापरून सरकतो. एस किंवा आर टाइप लावा. तपासणीची एक सोपी रीत आहे. सोन्याचा वितळणबिंदू १०६४ अंश, आणि तो बदलत नाही. लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडून २४ कॅरटच्या तारेचा दोनेक सेंटिमीटर तुकडा आणा. दागिन्याचं सोनं नको, त्यात तांबं-चांदी असते. तार थर्मोकपलच्या टोकाशी, चकत्या ठेवता त्या जागी, दोन विटांच्या टेकूवर आडवी ठेवा आणि १०५० पासून हळूहळू चढवत कधी गळते ते पाहा. सोनं वाया जात नाही, मणी करून परत ठेवून द्या. घरच्यांना मात्र आधी सांगा, मी सांगितलं नव्हतं.

चकती बाहेर आली की आधी टिचकी मारा, माठ घेताना मारतो तशी. घट्ट चकती खणखणते, कच्ची थप्प करते. मग तोडलेल्या कडेवर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाका. शाई आत शोषली गेली तर उघडी छिद्रं आहेत. ह्यानंतर पाण्यात उकळून, पाण्यातलं आणि हवेतलं वजन घेऊन आर्किमिडीजच्या रीतीनं घनता काढा. टिन ऑक्साइडची सैद्धांतिक घनता घन सेंटिमीटरला ६.९५ ग्रॅम. ६.५ च्या वर आलात तर पहिल्या फेरीला खूप झालं.

वीज मोजताना मल्टिमीटरच्या दोन पिना चकतीला टेकवू नका. त्यात तुम्ही पिनेचा आणि पृष्ठभागाचा संपर्क मोजता, सिरॅमिक नाही. चकतीतून ५ बाय ५ मिलिमीटर जाडीची, ३० मिलिमीटर लांबीची पट्टी डायमंड चाकावर कापा. सिल्व्हर पेस्टनं चार तारा चिकटवा. बाहेरच्या दोन तारांतून १०० मिलिअँपिअर सोडा आणि आतल्या दोन तारांमधला व्होल्टेज वाचा. आतल्या तारांत २० मिलिमीटर अंतर ठेवलंत आणि ८० मिलिव्होल्ट आले, तर रोध ०.८ ओहम. त्याला क्षेत्रफळानं, म्हणजे ०.२५ चौरस सेंटिमीटरनं, गुणून २ सेंटिमीटरनं भागा. रोधकता ०.१ ओहम-सेंटिमीटर. हीच पट्टी छोट्या भट्टीत ठेवून ८०० अंशांपर्यंत वाचन घ्या, कारण थंडपणीचा आणि गरमपणीचा आकडा वेगळा येतो आणि तुम्हाला गरमच्या आकड्याशी मतलब आहे. त्या वेळी मात्र सिल्व्हर पेस्टवर फार विसंबू नका. चांदी ९६१ अंशांना वितळते.

ह्यावरून जोडणीचं सांगते, कारण बऱ्याच जणांचा इलेक्ट्रोड चांगला असतो आणि जोडणी जळते. सिरॅमिकला धातू जिथे भिडतो ती जागा टाकीच्या बाहेर, थंड बाजूला असली पाहिजे. इलेक्ट्रोड लांब ठेवा, मागचं टोक भिंतीबाहेर काढा, त्यावर चांदी भाजून बसवा आणि मग पट्टा आवळा. पट्टा सरळ तापलेल्या भागावर बांधलात तर त्याचा गंज हाच तुमचा रोधक होतो, तिथेच उष्णता साचते आणि सिरॅमिक तिथेच तडकतं. लोक मग म्हणतात, मटेरियल खराब.

टाकीसाठी टिन ऑक्साइड ही तुमची निवड मात्र योग्यच आहे. मॉलिब्डेनम धातूचा इलेक्ट्रोड शिशाच्या काचेत शिशाच्या ऑक्साइडचं धातूत रूपांतर करतो, शिवाय उघड्या हवेत तापला की स्वतः ऑक्साइड होऊन उडून जातो. शिशाच्या काचेच्या टाक्यांत टिन ऑक्साइडचे ठोकळे वापरतात ते ह्याचसाठी.

आता तुमची झिर्कोनिया. तिला नापास करू नका. तिच्यात वीज इलेक्ट्रॉन नेत नाहीत, ऑक्सिजनचे आयन नेतात. झिर्कोनियमची संयुजा ४, यट्रियमची ३, म्हणून यट्रिया घातली की जाळीत ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि ऑक्सिजन त्या जागांवरून उड्या मारत जातो. आयन हे जड गडी, थंडीत हलत नाहीत. खोलीच्या तापमानाला ती विद्युतरोधकच. १००० अंशांना मात्र ८ मोल टक्के यट्रियाची झिर्कोनिया सेंटिमीटरला ०.१ सिमेन्सच्या आसपास वाहते, म्हणजे रोधकता १० ओहम-सेंटिमीटर.

ह्याच गुणावर एकेकाळी दिवे चालले. जर्मनीतल्या वाल्टर नेर्न्स्टनं १८९७ मध्ये झिर्कोनिया-यट्रियाच्या बारीक कांडीचा दिवा काढला. हवेतच पेटायचा, काचेच्या निर्वात फुग्याची गरज नाही. पण कांडी थंड असताना दिवा लागायचा नाही. सुरुवातीला ज्योतीनं तापवावी लागे, पुढे शेजारी प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं ठेवलं. आणि एकदा लागला की दुसरं संकट. तापेल तसा रोध कमी होतो, रोध कमी झाला की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो. कांडी वितळू नये म्हणून दिव्यात लोखंडाच्या तारेचा बॅलास्ट जोडावा लागे. लोखंडाचा रोध तापल्यावर वाढतो, तो लगाम धरायचा. पुढे टंगस्टनच्या दिव्यानं हे सगळं मोडीत काढलं.

तुमच्या कामाला ह्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तापून रोध उतरणारा कुठलाही ऑक्साइड थेट मेनच्या व्होल्टेजवर जोडायचा नाही, करंट बांधून द्यायचा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि मालिकेत चोक, किंवा थायरिस्टरचा करंट लिमिट असलेला कंट्रोलर. एखादा कोपरा जरा जास्त तापला की सगळा करंट तिथूनच धावतो, आणि मग तिथे भोक पडलेलं सापडतं. दुसरी गोष्ट झिर्कोनियापुरती. तिला डीसी देऊ नका. ऑक्सिजन एका बाजूला ओढला जाऊन ऋण टोकाकडून ती काळी पडत जाते आणि शेवटी फुटते. ५० हर्ट्झच्या एसीवर ती निवांत राहते.

आणखी एक, कुणी स्वस्तात साधी, काही न मिसळलेली झिर्कोनिया देऊ केली तर घेऊ नका. ती ११७० अंशांच्या सुमारास स्फटिकाचं रूप बदलते आणि गार होताना परत मूळ रूपात येते तेव्हा आकारमान ३ ते ५ टक्क्यांनी फुगतं. भट्टीतून भुगा काढावा लागतो.

बाकीच्या ऑक्साइडांबद्दल तुम्ही नावं घेऊन विचारलंत, त्यांचं चटकन सांगते. टायटॅनियाला, म्हणजे टायटॅनियमच्या ऑक्साइडला, हायड्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर भाजून थोडा ऑक्सिजन काढून घेतला की निळं-काळं, धातूसारखं वाहणारं ऑक्साइड मिळतं. पण गरम हवेत ते ऑक्सिजन परत घेऊन पांढरं होतं, तुमच्या कामाचं नाही. अल्युमिना घातलेलं झिंक ऑक्साइड चांगलं वाहतं, पण १२०० च्या पुढे उडायला लागतं आणि काचेत विरघळतं. स्ट्रॉन्शियम घातलेलं लँथॅनम मँगनाइट १००० अंशांना उत्तम वाहतं. त्याची जागा फ्युएल सेलमध्ये, काचेत नाही.

राहिलं लँथॅनम क्रोमाइट. कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम घातलेलं हे ऑक्साइड हवेत १७०० अंशांच्याही वर हीटर म्हणून चालतं, आणि ते वाचल्यावर मोह होणारच. मलाही झाला होता. जुलै महिना, चकत्या करून ड्रॉवरमध्ये ठेवल्या, काळ्या, घट्ट, टिचकीला खणखणीत. दोन आठवड्यांनी ड्रॉवर उघडला तर निम्म्या चकत्यांची पूड. मिश्रण नीट झालं नव्हतं, लँथॅनम ऑक्साइडचे काही कण क्रोमियमला न भेटताच आत राहिले होते. ते पुण्याच्या पावसाळी हवेतलं पाणी घेऊन हायड्रॉक्साइड झाले, फुगले आणि चकती आतून फोडली. लँथॅनम ऑक्साइडची पिशवी उघडी राहिली तर वजनही फसवतं. पूर्ण हायड्रॉक्साइड झालेल्या १०० ग्रॅम पावडरीत ऑक्साइड जेमतेम ८६ ग्रॅम असतं. वजन करण्याआधी ते १००० अंशांना भाजून, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करून, लगेच मोजावं लागतं.

पण मी तुम्हाला ते करू नका म्हणते ते दुसऱ्या कारणासाठी. भाजताना वाटेत पिवळे क्रोमेट तयार होतात आणि उच्च तापमानाला क्रोमियम वाफेच्या रूपात निघतो. हा सहा संयुजेचा क्रोमियम, ठाम कर्करोगकारक. शेडमध्ये चार माणसं काम करतात, जेवणाचा डबा त्याच टेबलावर उघडतात, तिथे हे नको. गरज पडलीच तर तयार एलिमेंट विकत घ्या.

आत चूक कुठे राहिली हे घनतेवरून आणि रोधावरून कळलं नाही, तर एक्सआरडी (आत कुठले स्फटिक आहेत ते दाखवणारी क्ष-किरणांची तपासणी) आणि तुटलेल्या कडेचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो काढून घ्यावा लागेल. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्यावर काम करणारी सरकारी संस्था) आहेत, गणेशखिंडीला विद्यापीठ आहे. बाहेरचे नमुने कुठे, काय दरानं घेतात ते आधी फोन करून विचारा आणि नमुन्याबरोबर नेमका प्रश्न लिहून द्या. नुसतं ‘तपासा’ म्हटलं तर नुसता आलेख हातात येतो.

पुढच्या वेळी एकाच भाजणीत चार प्रकारच्या चकत्या ठेवा: शुद्ध टिन ऑक्साइड, नुसतं तांबं घातलेलं, नुसतं अँटिमनी घातलेलं, आणि दोन्ही घातलेलं. प्रत्येकीचा व्यास आणि वजन आधी आणि नंतर लिहा, रंग लिहा, पट्टीचा रोध लिहा. ते आकडे पाठवलेत की तांबं कमी करायचं की सोक वाढवायचा, हे मी नक्की सांगू शकेन.